गाडी चालवायची धास्ती: हरवलेली मजा परत कशी मिळवायची

गाडी येते, लायसन्स आहे, काही वर्षं चालवूनही झाली आहेत. तरी आताशा किल्ली हातात घेतली की पोटात गोळा येतो. उद्या लांब जायचं म्हटलं की आदल्या रात्री झोप लागत नाही. जवळचा रस्ता सोडून पूल, हायवे किंवा चढ टाळणारा लांबचा रस्ता धरला जातो आणि पोचल्यावर "सुटलो एकदाचे" एवढंच वाटतं. हा लेख अशा चालकांसाठी आहे. नवशिक्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण ज्यांचा हात अजून बसलेलाच नाही त्यांनी आधी शिकवणी पुरी करावी. कच्च्या हाताला वाटणारी भीती रास्त असते, ती मनाच्या व्यायामाने घालवू नये.

गाडी चालवण्यातली मजा लक्ष बाहेर असताना मिळते. वळणाचा अंदाज बरोबर येतो, गिअर वेळेवर पडतो, पुढचा रस्ता उलगडत जातो. धास्तावलेल्या माणसाचं लक्ष मात्र आत वळलेलं असतं. छाती धडधडतेय का, हात थरथरतोय का, आता चक्कर येणार का, याचीच तपासणी चालू राहते. रस्त्याच्या वाट्याला उरलंसुरलं लक्ष येतं, त्यातून चुका होतात आणि चुकांनी धास्ती आणखी वाढते. म्हणून पुढे जे जे सांगितलं आहे त्याचा रोख एकच आहे: शरीरावर खिळलेलं लक्ष उचलून रस्त्यावर न्यायचं. त्यासाठी भीती पूर्ण जायची वाट बघत बसावं लागत नाही.

आधी भीतीचं नेमकं नाव शोधा

"मला ड्रायव्हिंगची भीती वाटते" एवढ्यावर काही करता येत नाही. "गाडी चालवताना काय होईल असं वाटतं?" या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर लिहून काढा. उत्तरं साधारण अशी येतात.

"मला चक्कर येईल, गाडीवरचा ताबा सुटेल." ही आपल्याच शरीराची भीती. पूल, बोगदा, हायवे, मधली लेन, लांबलेला जॅम, म्हणजे जिथून लगेच बाहेर पडता येत नाही अशा ठिकाणी ती जोर करते.

"माझी गाडी बंद पडेल, मागचे हॉर्न वाजवतील." ही लोकांच्या नजरेची भीती. चढावर आणि सिग्नलला ती जास्त छळते.

"पुन्हा तसंच होईल." ही अपघातानंतरची भीती. अपघात झाल्यावर काही आठवडे दचकणं, झोपमोड होणं, तो प्रसंग डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक आहे. महिना उलटूनही तो तसाच डोळ्यांपुढे येत असेल, स्वप्नं पडत असतील, त्या रस्त्याचं नावही नको वाटत असेल, तर एकट्याने सराव न करता तज्ज्ञाकडे जा.

"माझ्याकडून कुणाला तरी धडक बसली असेल आणि मला कळलंच नसेल." खड्ड्यात चाक आदळलं की मागे वळून बघणं, तोच रस्ता पुन्हा फिरून तपासणं, रात्री बातम्या चाळणं ही याची लक्षणं. हा मंत्रचळाचा (ओसीडी, म्हणजे तीच शंका पुन्हा पुन्हा येऊन तेच तपासत राहण्याचा आजार) एक प्रकार असू शकतो. जितकं तपासाल तितकी शंका वाढते. यावरचे उपचार वेगळे आणि चांगले गुण देणारे असतात.

भीती मनाचीच आहे असं ठरवण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. डोळ्यांचा नंबर बदलला असेल किंवा मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर रात्री समोरच्या दिव्यांची किरणं फुटतात आणि चालक घाबरतो. आतल्या कानाचा तोल बिघडला असेल, तर मोकळ्या रस्त्यावर किंवा लांब वळणावर गाडी कलल्यासारखी, आपोआप सरकल्यासारखी वाटते. थायरॉइडचा अतिरेक, रक्तातली साखर उतरणं आणि हृदयाची अनियमित लय यांचीही लक्षणं धडधड, घाम आणि कंप हीच असतात. खरोखर शुद्ध हरपली असेल, फिट आली असेल किंवा चालताना, जिना चढताना छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका.

आणि गाडीही तपासा. हे बहुतेक जण विसरतात. अलाइनमेंट बिघडलेली गाडी एका बाजूला ओढते आणि चालकाला वाटतं आपलाच हात वळतोय. चाकांचं बॅलन्सिंग गेलं की ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागतं. ब्रेक दाबतानाच थरथर होत असेल तर डिस्क बघून घ्या. टायरमधली हवा कमी-जास्त असली की गाडी तरंगल्यासारखी वाटते. अशा गाडीत बसून कितीही श्वास मोजले तरी भीती जाणार नाही, कारण ती बरोबर सांगत असते.

धास्तीचा झटका येतो तेव्हा शरीरात काय चालतं

धोका दिसला असं मेंदूला वाटलं की ॲड्रेनलिन सुटतं. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, श्वास भरभर चालतो. पळायचं किंवा झुंजायचं असतं तर हे उपयोगी पडलं असतं. गाडीत आपण बसून असतो, त्यामुळे वाढलेला श्वास वापरला जात नाही आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या किंचित आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, समोरचं सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटायला लागतं. हवा कमी पडतेय असं वाटतं म्हणून माणूस आणखी मोठे श्वास घेतो आणि त्रास वाढतो.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. घाबरल्यावर रक्तदाब सहसा वाढतो, तर शुद्ध हरपते ती बहुधा तो एकदम घसरल्यावर. म्हणून धास्तीच्या झटक्यात चक्कर आल्यासारखं खूप वाटतं, पण माणूस सहसा कोसळत नाही. दुसरं म्हणजे झटका काही मिनिटांतच, बहुधा १० मिनिटांच्या आत, टोक गाठतो आणि मग उतरणीला लागतो. ॲड्रेनलिनचा मारा तेवढ्याच जोराने तासभर चालू शकत नाही.

भीती टिकवून ठेवणाऱ्या सवयी

पूल टाळला की लगेच हायसं वाटतं. या सुटकेतून मेंदू शिकतो की पूल खरंच धोक्याचा होता, टाळला म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती पुलाच्या एक किलोमीटर आधीच सुरू होते. सहा महिन्यांनी त्या दिशेला जाणंच बंद होतं.

याहून चोरट्या असतात त्या आधाराच्या सवयी. सोबत कुणी असल्याशिवाय गाडी न काढणं, हायवेवर पूर्णवेळ फोनवर कुणाला तरी धरून ठेवणं, पर्समध्ये गोळी आहे ना हे चाचपणं, दर काही सेकंदांनी स्वतःची नाडी बघणं, वाहतुकीपेक्षा फारच हळू चालवणं. यांच्या जोरावर प्रवास पार पडतो, पण श्रेय भलत्यालाच जातं. "गोळी जवळ होती म्हणून निभावलं" असं वाटत राहतं आणि आपण निभावलं हे कधी नोंदलंच जात नाही. आपल्या अशा सवयींची यादी करा. सगळ्या एका दिवसात सोडायच्या नाहीत, एकेक कमी करत जायचं. सीटबेल्ट, अंतर राखणं, आरसे बघणं ही मात्र सुरक्षितता आहे. तिला यात धरू नका.

बसणं, पकड आणि नजर

या तीन गोष्टींवर आम्ही मुद्दाम जास्त थांबणार आहोत, कारण बरीच अस्वस्थता इथून येते आणि ती त्याच दिवशी कमी करता येते.

सीट अशी ठेवा की क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाठ सीटला टेकवून हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर एअरबॅग उघडताना इजा होऊ शकते. घाबरलेला चालक पुढे सरकून, स्टिअरिंगवर ओणवा होऊन बसतो. त्याने खांदे भरून येतात, पोट आवळलं जातं आणि श्वास वरच्यावर होतो. हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या वरच्या पातळीला आणा.

आता पकड. हात घड्याळातल्या ९ आणि ३ वर. स्टिअरिंग आवळून धरलं की मनगटापासून खांद्यापर्यंतचे स्नायू ताठ होतात आणि ताठ हाताला बारीक हालचाल जमत नाही. गाडी जराशी सरकली की तो हात गरजेपेक्षा मोठा झटका देतो, गाडी दुसऱ्या बाजूला जाते, मग उलटा झटका. मागून बघणाऱ्याला गाडी लेनमध्ये डुलताना दिसते आणि आत बसलेल्याला वाटतं आपला ताबा सुटतोय. मुळात सुटत काही नसतं, पकडच जास्त झालेली असते. भरलेला पेला धरायला जेवढा जोर लागतो तेवढाच स्टिअरिंगला पुरतो. प्रत्येक सिग्नलला थांबल्यावर हँडब्रेक लावा, एकेक हात उचलून बोटं पूर्ण पसरा, खांदे कानांपासून खाली सोडा, दातांवर दात असतील तर जबडा सैल करा.

नजर जवळ पडली की वेग जास्त वाटतो, कारण बॉनेटच्या लगतचा रस्ता डोळ्यांपुढून झपाट्याने सरकतो. तीच नजर लांब टाकली की दृश्य संथ होतं आणि गाडीही सरळ जाते. १२ ते १५ सेकंदांनी जिथे पोचणार तिथे बघायची सवय लावा. ताशी ३० किलोमीटरला ते अंतर १०० ते १२५ मीटर भरतं आणि ६० ला २०० ते २५०. तिथून नजर जवळ आणा, आरशात टाका, पुन्हा लांब न्या. माणूस ज्याच्याकडे टक लावून बघतो तिकडे गाडी सरकते. पुलाच्या कठड्याकडे किंवा शेजारच्या ट्रकच्या चाकांकडे बघत राहिलात तर भीतीच्या दिशेनेच गाडी न्याल.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर सेकंदांत मोजा. ती एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला सुरुवात करा. तुम्ही तिथे पोचेपर्यंत किमान ३ सेकंद गेले पाहिजेत. ताशी ६० ला ते ५० मीटर होतात. पावसात दुप्पट ठेवा. मध्ये कुणी घुसलं तर पाय हलका करून पुन्हा ३ मोजा. हे अंतर म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ आहे. चिकटून चालवणाऱ्याला तो कधीच मिळत नाही आणि त्याची छाती उगाच धडधडत नसते.

घरी करायची तयारी

श्वासाचा सराव गाडीत पहिल्यांदा करू नका. घरी रोज १० मिनिटं, दोन आठवडे करा. नाकाने ४ मोजत श्वास घ्या, ६ मोजत सोडा. मोठा श्वास घ्यायचा नाही. नेहमीएवढाच किंवा त्याहून थोडा कमी घ्यायचा, भर सोडण्यावर द्यायचा. "खोल श्वास घ्या" हा सल्ला झटक्याच्या वेळी उलटा पडतो, त्याचं कारण वर आलंच आहे. श्वास रोखून धरायचे प्रकार आणि डोळे मिटून करायचे प्रकार गाडीसाठी बाद.

ज्यांना चक्कर, धडधड यांचीच भीती आहे त्यांनी ती लक्षणं घरात मुद्दाम आणायची. जागच्या जागी १ मिनिट जोरात धावा. फिरत्या खुर्चीत १ मिनिट गोल फिरा. बारीक नळीतून, नाक धरून, १ मिनिट श्वास घ्या. थांबल्यावर काहीही उपाय न करता बसून राहा आणि लक्षण आपोआप कसं ओसरतं ते बघा. दिवसाला दोन-तीन वेळा, आठवडाभर. दमा, हृदयविकार, फिट्स, मानेचा किंवा पाठीचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. धडधड ओळखीची झाली की गाडीत ती आल्यावर एवढं घाबरायला होत नाही.

पायऱ्या लावणं

जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात भीतीला ० ते १०० गुण द्यायची पद्धत रुळवली. ती आजही सोयीची आहे. ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे आजवरची सर्वांत वाईट भीती. तुम्हाला जड जाणाऱ्या १० ते १५ परिस्थिती लिहून प्रत्येकीला गुण द्या आणि चढत्या क्रमाने लावा. हायवेला घाबरणाऱ्या चालकाची यादी अशी दिसू शकते:

उभ्या गाडीत इंजिन सुरू करून १० मिनिटं बसणं – १५
ओळखीच्या गल्लीतून सकाळी लवकर फेरी – २५
मोठा रस्ता, दोन सिग्नल, सोबत कुणीतरी – ३५
तोच रस्ता एकट्याने – ४५
हायवेच्या बाजूचा सर्व्हिस रोड, ५ किलोमीटर – ५०
हायवेवर चढून पुढच्याच फाट्याला उतरणं, कमी रहदारीत – ६५
दोन फाटे पार करणं, ट्रकला ओव्हरटेक करणं – ७५
गर्दीच्या वेळी, एकट्याने, फोन बंद ठेवून – ८५
पावसात किंवा रात्री तोच टप्पा – ९५

३० ते ४० गुणांच्या पायरीपासून सुरुवात करा. फार सोप्यातून मेंदू काही शिकत नाही. दोन पायऱ्यांत २० पेक्षा जास्त गुणांचं अंतर पडलं तर मध्ये एक पायरी घाला. वेळ, सोबत, अंतर, रहदारी आणि हवामान बदलून हव्या तेवढ्या पायऱ्या तयार होतात.

सराव आठवड्यातून ४ ते ५ दिवस, ३० ते ४५ मिनिटं. रविवारी एकदाच तीन तास चालवण्यापेक्षा हे पुष्कळ बरं. एकाच फेरीत तोच टप्पा तीन-चार वेळा करा. पहिल्या फेरीचा धसका चौथ्या फेरीला बराच बोथट झालेला असतो.

एक फेरी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

निघण्यापूर्वी वहीत दोन गोष्टी लिहा: काय होईल असं वाटतं आणि ते होण्याची खात्री किती टक्के. "फाट्यापर्यंत पोचायच्या आत मला चक्कर येऊन गाडी कडेला आदळेल, ७० टक्के." वाक्य असं हवं की नंतर हो किंवा नाही म्हणता येईल. "खूप भीती वाटेल" हे लिहून उपयोग नाही, कारण ती वाटणारच आहे.

गाडी सुरू केल्यावर बाहेरची हवा आत येईल असं बटण ठेवा. तीच हवा आत फिरत राहिली तर काचबंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साचतो, जड वाटतं, जांभया येतात आणि घाबरलेला चालक त्याचा वेगळाच अर्थ लावतो.

चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलत जा. "पुढे सायकल, थोडी बाहेर येईल. सिग्नल बराच वेळ हिरवा आहे, पिवळा होईल. आरशात पांढरी गाडी, जवळ येतेय. पाय हलका." वाहन चालवण्याच्या प्रगत प्रशिक्षणात ही जुनी रीत आहे. बोलायला तुम्हाला बाहेर बघावंच लागतं आणि बोलता बोलता श्वासही आपसूक लांब सुटतो. स्वतःच्या शरीराबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. लक्ष आत गेलं की, वैतागू नका, पुढच्या दिसणाऱ्या वस्तूपासून पुन्हा बोलायला लागा.

भीती वाढल्यावर अर्ध्यातून परत फिरायचं नाही. अगदीच अशक्य झालं तर ठरलेल्या जागी थांबा, ५ ते १० मिनिटं बसा आणि तोच टप्पा, निदान त्याचा थोडा भाग, पुन्हा चालवून मगच घरी या. पळून आलेली फेरी भीतीच्या खात्यात जमा होते.

परतल्यावर लिहा: जे होईल वाटलं होतं ते झालं का? काय झालं? आता खात्री किती टक्के? चिंताविकारांवर काम करणाऱ्या मिशेल क्रास्क यांच्या मांडणीनुसार भीती फेरीच्या शेवटी उतरलीच पाहिजे असं नाही. आपलं भाकीत चुकलं हा धडा मेंदूला मिळणं जास्त मोलाचं आहे. त्यामुळे ८० गुणांच्या भीतीतही गाडी नीट घरी आणली असेल, तर ती फेरी वाया गेली असं समजू नका.

भाकिताची खात्री १०-१५ टक्क्यांवर आली की पुढची पायरी घ्या. पण त्याआधी तीच पायरी वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रस्त्यावर करून बघा. एकाच रस्त्यावर शिकलेलं धैर्य बहुधा त्या रस्त्यापुरतंच राहतं.

चालत्या गाडीत झटका आला तर

वेग थोडा कमी करा, पण रहदारीच्या मानाने एकदम नको. पुढचं अंतर वाढवा. पकड सैल. दोन-तीनदा लांब श्वास सोडा. नजर लांब टाका आणि दिसेल ते बोला. लेन बदलायची घाई, अचानक ब्रेक, हायवेच्या कडेला गाडी उभी करणं हे टाळा. भरधाव रस्त्याच्या कडेला उभं राहणं हे झटक्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. पुढचा फाटा, पेट्रोल पंप किंवा विश्रांतीची जागा येईपर्यंत कडेच्या संथ लेनमधून जात राहा. तिथे थांबल्यावर गाडीतून उतरा, थोडं चाला आणि झटका ओसरल्यावर पुढे निघा.

"शांत हो, शांत हो" असं मनाला बजावू नका. त्याने झगडा वाढतो. "ही धडधड आहे, चढेल आणि उतरेल, तोवर मी गाडी चालवतो" एवढं पुरे.

अडणाऱ्या जागा

हायवेवर मिसळताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोड-लेनच्या टोकाशी जाऊन थांबणं. मग शून्यावरून उडी मारावी लागते. इंडिकेटर लवकर द्या, आरसा बघा, खांद्यावरून एक झटपट नजर टाका आणि "कुणाच्या मागे शिरायचं" ती गाडी ठरवा. कुणाच्या पुढे शिरायचं हे ठरवत बसलात तर घाबराल. आता ॲक्सिलरेटर दाबून त्या गाडीच्या वेगाला या. वेग जुळला की ती जागा स्थिर वाटायला लागते आणि ३-४ सेकंदांत अलगद आत जाता येतं. भित्रा चालक नेमका इथेच पाय काढून घेतो आणि फसतो.

ट्रकला ओव्हरटेक करताना त्याच्या मागच्या टोकाशी हवेमुळे गाडी किंचित ट्रककडे ओढली जाते आणि पुढच्या टोकाशी बाहेर ढकलली जाते. हे आधी माहीत असलं की दचकायला होत नाही. शेजारी रेंगाळू नका. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढा, दिवे लावा, वेग थोडा उतरवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला क्षणभर लागतो.

गाडी बंद पडायची भीती असेल तर मोकळ्या मैदानात ती मुद्दाम पाच-सहा वेळा बंद पाडा. क्लच, ब्रेक, न्यूट्रल, चावी, पहिला गिअर, निघा. हा क्रम हातात बसला की मागच्या हॉर्नने डोकं बधिर झालं तरी हात काम करतात. चढावर हँडब्रेक ओढलेला ठेवून पहिला गिअर, ॲक्सिलरेटर थोडा वाढवा, क्लच हळू सोडा. इंजिनाचा आवाज जाड झाला आणि बॉनेट किंचित उचललं की हँडब्रेक सोडा. गाडी मागे जात नाही.

रात्रीसाठी समोरची काच आतूनही पुसा. आतल्या बाजूचा पातळ थर समोरच्या दिव्यांचा फणा करतो. दिव्याकडे न बघता आपल्या लेनच्या डाव्या कडेकडे बघत जा.

शेजारी बसणाऱ्याला सांगा

सोबतीचा माणूस चांगल्या मनाने फार नुकसान करतो. त्याने "अगं बाई!" करून दचकायचं नाही, पायाने हवेत ब्रेक दाबायचा नाही, "बरं वाटतंय ना?" असं दर मिनिटाला विचारायचं नाही. त्या प्रश्नाने चालकाचं लक्ष पुन्हा आत जातं. रस्ता सांगायचा असेल तर २०० मीटर आधी. कौतुक करायचं तर उतरल्यावर आणि नेमकं: "त्या वळणावर आधीच वेग कमी केलास." पुढच्या आठवड्यात त्याने मागच्या सीटवर बसावं, मग दुसऱ्या गाडीतून मागोमाग यावं, मग घरीच थांबावं.

औषधं, कॉफी, झोप

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या गोळ्यांनी झोप येते आणि प्रतिसाद मंदावतो. त्या घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहे, शिवाय सरावाचा धडाही मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. पण रोज चालू असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करा. धडधड कमी करणारं प्रोप्रानोलोल दम्याच्या रुग्णांना चालत नाही. डॉक्टर दीर्घकाळासाठी जी चिंताशामक औषधं देतात त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढू शकते, हे माहीत असू द्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्याही झोप आणतात. दारूबद्दल वेगळं सांगायला नको.

कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात आणि त्याने होणारी धडधड भीतीसारखीच असते. सुरुवातीचे काही आठवडे सरावाआधी कॉफी आणि एनर्जी ड्रिंक नको. उपाशीपोटीही निघू नका. अपुऱ्या झोपेनंतरची फेरी पुढे ढकलली तर ती टाळाटाळ नाही.

तज्ज्ञाची मदत कधी घ्यायची

सहा ते आठ आठवडे नियमित सराव करूनही पायरी हलत नसेल, अपघाताच्या आठवणी छळत असतील, भीती गाडीबाहेरही पसरली असेल, दुकानात, लिफ्टमध्ये, घराबाहेर पडतानाही होत असेल, किंवा मन सतत खिन्न असेल, तर मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जाताना विचारा की ते वर्तनोपचार करतात का आणि प्रत्यक्ष पायऱ्यांचा सराव करून घेतात का. नुसत्या गप्पांनी ही भीती सहसा जात नाही. तुमची वही बरोबर न्या, पहिल्या बैठकीतला बराच वेळ वाचतो. कौशल्याचा भाग कच्चा असेल तर दुहेरी ब्रेकच्या गाडीतून शिकवणारा, न ओरडणारा शिक्षक शोधा आणि त्याला भीतीबद्दल आधीच सांगा.

मजेसाठी वेगळा वेळ

पायऱ्या अर्ध्या झाल्या की आठवड्यातली एक फेरी कुठलंही भाकीत न लिहिता, गुण न देता काढा. वेळेवर कुठे पोचायचं नाही असा दिवस निवडा. त्या फेरीत एकाच कौशल्यावर मन लावा: आज ब्रेक इतका अलगद दाबायचा की थांबताना कुणाची मान पुढे जाऊ नये. पुढच्या वेळी गिअर बदलताना झटका जाणवू नये. मग घाटातल्या वळणाआधी वेग उतरवून, वळणात ब्रेक न लावता, बाहेर पडताना हलकेच ॲक्सिलरेटर. हात काहीतरी घडवत असले की मन तिकडेच राहतं आणि मजा बहुतेकांना इथेच पहिल्यांदा पुन्हा भेटते, भीती ३०-४० गुणांवर असतानाही.

आजारपण, लांब सुट्टी, एखादा बाका प्रसंग यांनंतर भीती थोडी परतते. तसं झालं तर यादीत दोन पायऱ्या खाली या, तिथून तीन-चार फेऱ्या करा आणि वर चढा. दुसऱ्यांदा चढायला पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो. पूल किंवा हायवे महिन्यातून निदान दोनदा, काम नसलं तरी, चालवत राहा.